शाळेचा डबा मुलांनीच भरायचा: सुरुवात कशी करावी

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा आपल्याला थोडा जास्त वेळ मिळतो, आणि डब्याची घडी बसवायला तोच वेळ सगळ्यात सोयीचा. वह्या, दप्तर, गणवेश यांच्या याद्या घरोघरी होतात. डब्याचा विचार मात्र पहिल्या दिवशी सकाळी सहाला, तवा गॅसवर असताना सुरू होतो. पहिली ते सातवीतल्या मुलांचा डबा आजवर ज्या घरात मोठ्यांनीच भरला आणि आता तो हळूहळू मुलांच्या हाती द्यायचा आहे, त्या घरातल्या आईबाबांसाठी आणि आजीआजोबांसाठी हे लिहिते आहे.

ज्या डब्याला मुलाचा स्वतःचा हात लागलेला असतो तो खाल्ला जातो, असं माझं ठाम मत आहे. आत काय आहे, किती आहे, हे त्याला आधीच ठाऊक असतं. मैत्रिणीला "हे मी केलंय" म्हणून दाखवताही येतं, आणि या वयात त्याची किंमत फार मोठी असते. अर्थात सगळा कारभार मुलाच्या हातात द्यायचा नाही. घरात काय आणायचं आणि काय शिजवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, त्यातलं काय आणि किती डब्यात घ्यायचं हे मुलानं. ही वाटणी दोन्ही बाजूंनी पाळली गेली की सकाळची बरीचशी ओढाताण थांबते.

आधी शाळेत चौकशी करा

डब्यात काय द्यायचं हे ठरवण्याआधी सुट्टी किती मिनिटांची आहे ते विचारा. काही शाळांत एकच मधली सुट्टी असते, काहींत छोटी आणि मोठी अशा दोन. पंधरा-वीस मिनिटांत हात धुणं, डबा उघडणं, खाणं, पाणी पिणं आणि खेळायला पळणं हे सगळं बसवायचं असतं. त्यामुळे सुट्टीत एखाद्या रविवारी घड्याळ लावून मुलाला घरी डब्यातूनच जेवायला बसवा. दोन पोळ्या आणि भाजी खायला त्याला पंचवीस मिनिटं लागत असतील, तर शाळेत तो डबा अर्धा परत येणार हे उघड आहे. अशा मुलाला पोळीचा रोल द्यावा, किंवा थालिपिठाचे तुकडे, एका हातानं खाता येईल असं काही.

शाळेचे नियमही विचारून घ्या. कुठे वारानुसार पदार्थ ठरवून दिलेले असतात, कुठे अंडं चालत नाही. वर्गात कुणाला शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी आहे का, हे वर्गशिक्षिकेला विचारायला विसरू नका, कारण मुलं डबे वाटून खातात.

डब्याचं भांडं

मुलाला स्वतःला उघडता आणि बंद करता येईल असाच डबा घ्या. दुकानात मुलाला सोबत न्या आणि तिथेच चार वेळा उघड-बंद करायला लावा. घट्ट क्लिपा मोठ्यांना भरवशाच्या वाटतात, पण पहिली-दुसरीतल्या बोटांना त्या उघडत नाहीत आणि लाजेपोटी मूल बाईंना सांगत नाही. डबा तसाच घरी येतो आणि आपण समजतो की भाजी आवडली नाही.

स्टीलचा दोन कप्प्यांचा डबा आणि सोबत झाकणाच्या दोन छोट्या डब्या एवढं पुरे. एक डबी फळाला, दुसरी चटणीला किंवा दाण्यांना. गरम पदार्थ प्लॅस्टिकमध्ये भरू नये. पोळी-भाजी जाळीवर गार होऊ द्या आणि मगच झाकण लावा. गरम पोळी बंद केली की वाफेचं पाणी सुटतं, ती चिवट आणि ओली होते. "पोळी चांगली नव्हती" या तक्रारीमागे पुष्कळदा ही वाफच असते.

किती द्यायचं

याचा हिशेब शासनानंच करून ठेवला आहे. शाळेतल्या पोषण आहार योजनेत, जिला आता पीएम पोषण म्हणतात, पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून 450 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे. त्यासाठी कच्चं मोजलं तर 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि 50 ग्रॅम भाजी धरतात. सहावी ते आठवीला 700 किलोकॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ आणि 75 ग्रॅम भाजी.

घरच्या मापात सांगायचं तर 100 ग्रॅम कणकेच्या तीन ते चार मध्यम पोळ्या होतात. हे पूर्ण जेवणाचं माप आहे, हे लक्षात ठेवा. मूल सकाळी नीट खाऊन निघत असेल आणि दोन वाजता घरी येऊन पुन्हा जेवत असेल, तर डब्यात याच्या निम्म्याच्या थोडं वर पुरतं. दिवसभराची शाळा असेल तर मात्र पूर्ण माप हवं, दोन सुट्ट्यांत विभागून.

आपल्या डब्यांत धान्य भरपूर असतं. कमी पडतात ती प्रथिनं. पोळी आणि आलूची भाजी हा नागपुरातल्या कित्येक घरांचा ठरलेला डबा. चवीला उत्तम, पण दोन्हीकडून मुख्यतः पिष्टच जातं. दोन पोळ्यांतून जेमतेम सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्यासोबत एक उकडलेलं अंडं ठेवलं तर आणखी सहा ग्रॅम, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम फल्लीदाणे (शेंगदाणे) ठेवले तर सात, तेवढेच फुटाणे ठेवले तर जवळपास सहा. एवढ्यानं पहिली ते पाचवीचं प्रमाण गाठलं जातं. वेगळी पावडर, महागडी बिस्किटं यांची गरज नाही.

मुलांना शिकवायला मी चार खुणा वापरते: पोट भरणारं, ताकद देणारं, भाजी, फळ. पहिलीतल्या मुलालाही हे पटकन कळतं. डबा भरून झाला की बोटांवर चारही मोजायचे. एखादं राहिलं तर काय टाकायचं हे त्यानंच शोधायचं.

डब्याचा खण तयार करा

या सगळ्या पद्धतीचा कणा म्हणजे मुलाचा हात पोचेल असा स्वयंपाकघरातला एक खालचा खण. ओट्याखालची एखादी मांडणी रिकामी करा. तिथे पारदर्शक बरण्यांत फुटाणे, भाजलेले फल्लीदाणे, मुरमुरे, पातळ पोहे, तीळ, खजूर आणि गुळाचे खडे ठेवा. सोबत जवसाची कोरडी चटणी, कढीपत्त्याची चटणी. नागपूरच्या इतवारीत किराण्याची खरेदी करायला जाल तेव्हा मुलाला न्या आणि एक-दोन वस्तू त्याला निवडू द्या. स्वतः निवडलेले फुटाणे मूल आवडीनं खातं.

फ्रीजमध्ये खालच्याच कप्प्यात एक मोठा डबा फक्त शाळेच्या डब्यासाठी ठेवा. त्यात वाफवलेले मोड, उकडलेली अंडी, धुऊन कोरडी केलेली काकडी-गाजर, आदल्या रात्री निवडलेला सांभार (कोथिंबीर). आठवड्याची भाजी गोकुळपेठच्या बाजारातून आणा नाही तर कॉटन मार्केटमधून, आणल्या दिवशी संध्याकाळी मुलासोबत अर्धा तास बसून निवडणं-धुणं उरकून टाका. सकाळची घाई टाळायची खरी जागा ही संध्याकाळ आहे.

खणात जे ठेवलं आहे ते सगळं मुलानं घेतलं तरी चालेल असंच असावं. वेफर्स तिथे ठेवायचे आणि मग "ते नको घेऊ" म्हणायचं, यात दोघांचीही दमछाक होते.

पहिला आठवडा: एकच दिवस, एकच पदार्थ

आठवड्यातला एक वार ठरवा. सोमवार नको, कारण सुट्टीनंतरची सकाळ तशीच धांदलीची असते. बुधवार बरा. त्या दिवशीचा डबा मुलाचा, बाकीच्या दिवशी नेहमीसारखा तुमचा. महिनाभर एवढंच करा. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात पाचही दिवस मुलाच्या अंगावर टाकले तर तिसऱ्या दिवशी त्याला कंटाळा येतो आणि तुम्हाला राग.

पहिला पदार्थ पोळीचा रोल असावा. घरात पोळी रोज होते, चूक झाली तरी खाता येते आणि गॅसची गरज नाही. पण रोल वळण्याचीही एक रीत आहे, ती मुलाला सावकाश दाखवा.

पोळी गार आणि मऊ हवी, पापडासारखी कडक नको. ताटलीत पोळी पसरायची. आधी बोटानं तुपाचा पातळ हात फिरवायचा, कडेपर्यंत. तुपामुळे भाजीचा ओलावा पोळीत लवकर उतरत नाही. त्यावर चमचाभर जवसाची चटणी भुरभुरायची. मग कोरडी भाजी, पण सगळीकडे पसरायची नाही. आपल्याकडच्या कडेपासून दोन बोटं सोडून एक आडवी रेघ घालायची, करंगळीपेक्षा थोडी जाड. मुलं इथे हमखास जास्त भरतात. भरू द्या, रोल फुटला की पुढच्या वेळी हात आपोआप आखडतो. आता खालची कड भाजीवर आणायची आणि बोटांनी आत दाबून धरायची, दोन्ही बाजूच्या कडा आत दुमडायच्या आणि घट्ट गुंडाळत जायचं. सांध्याची बाजू खाली ठेवून रोल मिनिटभर तसाच राहू द्यायचा. मग स्वयंपाकाच्या स्वच्छ कात्रीनं मधोमध कापायचा. लहान मुलांना सुरीपेक्षा कात्री जमते, आणि दोन तुकडे डब्यात उभे बसतात.

आत काय घालायचं? रात्रीची उरलेली पत्ताकोबी किंवा भेंडी, फ्रीजमध्ये झाकून ठेवलेली आणि सकाळी तव्यावर पुन्हा चांगली गरम करून गार केलेली. झुणका तर रोलसाठी फारच चांगला, बेसनामुळे ताकदीची बाजूही सांभाळली जाते. अंड्याची भुर्जी कोरडी परतून. डाळभाजी घट्ट असली तरी नको, ती गळते.

कोणत्या वयाला काय जमतं

वयाचा आकडा ढोबळ आहे, मुलाचा हात बघून ठरवा. पाच-सहा वर्षांचं मूल वाटाणे सोलतं, उकडलेलं अंडं सोलतं, सांभार निवडतं, लिंबू पिळतं, हातानं मिसळतं. सात-आठला किसणी, खलबत्ता, केळ्यासारख्या मऊ फळांसाठी बोथट सुरी. किसताना गाजराचा शेवटचा तुकडा सोडून द्यायला शिकवा, बोटं वाचतात. नऊ-दहाला खरी सुरी, पण तुम्ही शेजारी उभे असताना. चिरायचा पदार्थ आधी उभा कापून सपाट बाजू पाटावर टेकवायची म्हणजे तो घसरत नाही, आणि धरणाऱ्या हाताची बोटं आत मुडपलेली हवीत. गॅस अकराच्या पुढे, तोही मोठं माणूस स्वयंपाकघरात असेल तरच. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस नकोत, आणि गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण आपल्यापासून दूर कलतं उघडायचं.

पाच वर्षांखालच्या लहान भावंडांना मात्र अख्खे फल्लीदाणे आणि फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना कूट द्या.

रोलनंतरचे पदार्थ

मोड आलेले मूग हा माझा सगळ्यात आवडता धडा, कारण बी फुटताना बघायला मुलं स्वतःहून फ्रीज सोडून ओट्याकडे येतात. रात्री वाटीभर मूग तीन पाण्यांनी धुवायचे, खडे आणि तरंगणारे दाणे काढायचे, भरपूर पाण्यात भिजत घालायचे. आठ तासांनी पाणी निथळून ओल्या सुती फडक्यात गाठोडं बांधायचं आणि चाळणीत ठेवून वर झाकण घालायचं. पावसाळ्याच्या उबेत दहा-बारा तासांत मोड दिसतात, डिसेंबर-जानेवारीत पूर्ण दिवस लागतो किंवा त्याहून जास्त. फडकं सुकलं तर पाणी शिंपडायचं. मुलाला हे काम द्या, शाळेतून आल्यावर पहिल्यांदा तिथेच जाईल. आंबूस वास आला किंवा मूग बुळबुळीत झाले तर सरळ टाकून द्या, विशेषतः पावसाळ्यात. कच्चे मोड डब्यात देऊ नयेत, त्यात जंतू चटकन वाढतात. जाड बुडाच्या गंजात पाण्याचा हबका मारून झाकण घालून पाचेक मिनिटं वाफवा, गार करून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी मुलानं त्यात किसलेलं गाजर, सांभार, मीठ आणि लिंबू घालायचं. लिंबू नुसतं चवीला नाही. कडधान्यातलं लोह शरीरात नीट शोषलं जायला क जीवनसत्त्वाची मदत होते. म्हणून ज्या दिवशी मूग किंवा चणे, त्या दिवशी लिंबू, संत्रं किंवा पेरू अशी जोडी लावायची सवय करा.

कच्चा चिवडा वैदर्भीय मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. मुरमुरे किंवा पातळ पोहे, फल्लीदाणे, फुटाणे, चमचाभर फल्लीचं कच्चं तेल, थोडं तिखट, मीठ, एवढं डब्यात. छोट्या डबीत बारीक चिरलेला कांदा, टमाटर, सांभार आणि लिंबाची फोड. सुट्टीत दोन्ही एकत्र करून खायचं. आधीच मिसळलं तर मुरमुरे मऊ पडतात. शाळेत स्वतःच्या हातानं कालवून खाण्यात मुलांना विशेष मजा येते, आणि हा डबा उन्हातही लवकर बिघडत नाही.

रविवारी घरी तर्रीपोहे होत असतील तर उकडलेले चणे तर्रीत पडण्याआधीच दोन मुठी बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवा. सोमवारी सकाळी ते कांद्यासोबत तव्यावर कोरडे परतले, वर लिंबू पिळलं की डबा तयार. मुलाला तिखट कमी लागतं म्हणून तर्री वर्ज्य ठेवावी असं नाही, ती फक्त दप्तरात नको.

बेसनाच्या धिरड्याचं पीठ मुलानं करायचं, तव्यावर तुम्ही घालायचं. वाटीभर बेसन, चिमूटभर ओवा आणि हळद, मीठ, किसलेलं कोहळं किंवा बारीक चिरलेली पालक. पाणी एकदम ओतलं की गुठळ्या होतात. आधी थोड्या पाण्यात घट्ट घोटायचं, मग सैल करायचं. चमचा उचलल्यावर पिठाची धार तुटता कामा नये. पालक, मेथी, कोहळं यांना नाक मुरडणारी मुलं स्वतः किसून कालवलेल्या धिरड्यात त्या भाज्या खातात, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

सहावी-सातवीतल्या मुलामुलींना उकडपेंडी शिकवा. जाडसर कणीक थोड्या तेलात मंद आचेवर खमंग भाजून काढायची. फोडणीत मोहरी, कढीपत्ता, कांदा, फल्लीदाणे परतून त्यात भाजलेली कणीक घालायची, मीठ टाकायचं, आणि आंबट ताकाचा हबका देत सराट्यानं (उलथन्यानं) परतत राहायचं. ओली रवाळ झाली की झाकण ठेवून वाफ काढायची. ताक एकदम ओतू नये, गोळा होतो. हा पदार्थ यायला लागला की मूल घरात कधी उपाशी राहणार नाही. आपल्या भागाची एक चव पुढच्या पिढीच्या हातात जाते, याचा मला फार आनंद वाटतो.

ऋतू बघून डबा

पावसाळ्यात भुट्ट्याचे दाणे वाफवून, तिखट-मीठ-लिंबू लावून. काकडी नेताना सालासकट मोठे तुकडे करा, पाणी कमी सुटतं. मीठ मात्र सुट्टीत लावायचं, त्यासाठी कागदाची पुडी.

दिवाळीनंतर आपल्या भागात खरी चैन सुरू होते. शिंगाडे, पेरू, बोरं, मग तुरीचे आणि हरभऱ्याचे सोले, म्हणजे शेंगांतले ओले दाणे. सोले काढणं हे थंडीतल्या संध्याकाळचं घरभराचं काम, मुलांना त्यात बसवाच. मीठ घालून वाफवलेले तुरीचे सोले डब्यात ताकदीची जागा घेतात. पराठ्यातही छान लागतात.

आणि संत्री. आंबिया बहाराची फळं साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. बाहेरगावची मुलं सोललेलं फळ डब्यात नेतात, आपल्या मुलांना तशी गरज नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सात वर्षांचं मूल ती सहज काढतं. अख्खं फळ द्या, त्यात रस टिकतो आणि डबाही ओला होत नाही. लहान मुलासाठी देठाकडे नखानं साल थोडी उचकून ठेवा, पुढचं ते करतं. साल आणि बिया रिकाम्या डबीत भरून घरी आणायच्या हेही सांगा. संत्र्याच्या जागी डबाबंद रस देऊ नका, त्यात चोथा निघून जातो आणि पुष्कळदा साखर येते.

उन्हाचा प्रश्न

मार्चपासून नागपूरचं ऊन डब्यावर राज्य करतं. शिजवलेल्या अन्नात जंतू वाढतात ते साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान. लवकर बिघडणारे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको, असा सर्वमान्य नियम आहे. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये 32 अंश सकाळीच ओलांडले जातात. म्हणून उन्हाळ्यात भात, दही, पनीर, अंडं, उकडलेला आलू, वाफवलेले मोड हे सगळं डब्यातून बाद. कच्चा चिवडा, तूप-गुळाची पोळी, चटणी-पोळी, कोरडं खरपूस थालीपीठ, फुटाणे-खजूर, अख्खं फळ हे चालतं. सकाळची शाळा असते, त्यामुळे थोडकं पुरतंही.

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात लवकर बिघडणारा पदार्थ न्यायचाच असेल तर तो पहिल्या सुट्टीत खायचा, हे मुलाला पक्कं सांगा. पाण्याची छोटी बाटली अर्धी भरून रात्रभर बर्फ करून डब्याच्या पिशवीत शेजारी ठेवली तर आणखी बरं. रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहिला असेल तर तो डब्यात अजिबात नको, सकाळी फोडणी दिली तरी नको. भातातले काही जंतू असं विष सोडतात की ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. जेवणानंतर लगेच पसरून गार करून फ्रीजमध्ये गेलेला भातच वापरा, आणि तो पूर्ण वाफाळेपर्यंत गरम करा.

पाण्याच्या बाटलीवर खडूनं एक रेघ मारा, मधल्या सुट्टीपर्यंत इथपर्यंत संपवायचं म्हणून. लहान मुलांना हे फार आवडतं.

वेफर्स, नूडल्स आणि इतरांचे डबे

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2020 मध्ये केला आहे. शाळेच्या बाहेर काय विकलं जातं याकडे पालकांनी एकत्र लक्ष द्यायला हवं, एकट्या घरानं नाही म्हणत राहणं कठीण जातं.

घरात मात्र सरसकट बंदी घालू नका. "सगळे नूडल्स आणतात" असं मूल म्हणेल तेव्हा ते बहुतेक खरंच असतं. महिन्यातला एखादा शुक्रवार ठरवून टाका, त्या दिवशी घरीच, वाटाणे-गाजर-अंडं घालून. शेवया किंवा शेवयांचा उपमाही मुलांना तितकाच रुचतो, फक्त त्याला पहिल्यांदा डब्यात नेण्याआधी घरी दोनदा खाऊ घाला. डबा ही नवी चव पहिल्यांदा चाखायची जागा नव्हे. नवी भाजी अंगवळणी पडायला मुलाला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर यावी लागते. ते घरच्या ताटात होऊ द्या, एकेका घासानं, जबरदस्ती न करता.

डबा परत आला तर

आधी रागवू नका, डबा उघडून बघा. पोळी गेली आणि भाजी राहिली, की सगळंच निम्मं राहिलं? सगळंच निम्मं असेल तर वेळ पुरला नाही किंवा प्रमाण जास्त झालं. एकच पदार्थ राहिला असेल तर तो गार झाल्यावर कसा लागतो ते स्वतः चाखून बघा. फुलकोबी आणि मुळ्याच्या पराठ्याचा वास बंद डब्यात उग्र होतो आणि वर्गात कुणी नाक धरलं की मूल तो डबा पुन्हा उघडत नाही. ते पदार्थ घरी खाऊ द्या. "का नाही खाल्लं" याऐवजी "कोणासोबत बसला होतास, आधी काय खाल्लंस" असं विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते.

परत आलेलं शिजवलेलं अन्न संध्याकाळी खायला लावू नये, विशेषतः पावसाळ्यात. वाया गेल्याचं वाईट वाटतं, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करा.

घरी आल्यावर डबा रिकामा करून, खरकटं काढून मोरीत ठेवणं हेही मुलाचंच काम. दप्तरात रात्रभर राहिलेल्या डब्याचा वास झाकणाच्या रबरात मुरतो. आठवड्यातून एकदा ते रबर काढून, साबणानं घासून उन्हात वाळवायचं. कसं काढायचं आणि पुन्हा कसं बसवायचं हे मुलाला एकदा दाखवून ठेवा. बुधवारचा डबा महिनाभर सुरळीत गेला की शुक्रवारही त्याच्याकडे द्या, आणि तिसरा वार कोणता घ्यायचा हे त्यालाच ठरवू द्या.